गोठलेला माणूस

जुलै १९८२. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये चाळिशीतला एक माणूस रुग्णालयात पुतळ्यासारखा बसून होता. ना हालचाल, ना वाचा. वेडाचा झटका? हातात पेन्सिल दिली, तेव्हा तो कूर्मगतीने लिहू लागला. म्हणजे डोकं शाबूत होतं.

मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी माग काढला. चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं विष उतरलं होतं. मेंदूत त्याचं रूप पालटतं आणि ते डोपामिन बनवणाऱ्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा ऊर्जापुरवठाच तोडतं; परिणाम पार्किन्सनसारखाच. लेव्होडोपा या औषधाने असे रुग्ण हलू लागले, पण ते काही खरा उतारा नव्हतं.

पार्किन्सनच्या इतर रुग्णांनी मात्र असलं विष कधी घेतलेलं नसतं. १९९८मध्ये जपानी संशोधकांना या आजाराशी जोडलेलं पार्किन जनुक सापडलं; २००४मध्ये पिंक-१ या जनुकातला दोष समोर आला. दोघांची जोडगोळी २००६मध्ये उघड केली ती फळमाश्यांनी! पिंक-१ नादुरुस्त मायटोकाँड्रियावर खूण करतं, पार्किन त्यांना भंगारात काढतं.