पन्नास सेकंदांची पट्टी

आधी आवाज येतो. सायलेन्सर गळून पडलेली मोटरसायकल छपरावरून जावी तशी फटफट. जून 1944 सरत आलाय आणि तुम्ही दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका गल्लीत उभे आहात. दूधवाला बाटली हातात धरून जागच्या जागी थबकलाय. दारातली बाई वर बघत पुटपुटते, ‘पुढे जा, पुढे जा.’ पुढे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर. तेही तिला कळतंय, आणि तरी ती तेच म्हणते. तिला दोष देऊ नका, तुम्हीही मनात तेच म्हणताय.

आवाज थांबतो.

तुम्ही फुटपाथवर पालथे पडता आणि आकडे मोजू लागता. बारा व्हायच्या आत जमीन हलते. धूळ बसल्यावर कळतं की तीन गल्ल्यांपलीकडे पडला.

हा व्ही-1, जर्मनीचा उडता बॉम्ब. लोक याला डूडलबग म्हणतात. आजच्या क्रूझ क्षेपणास्त्रांचा हा पणजोबा : पोटात साधारण 850 किलो स्फोटकं, पाठीवर पल्सजेट इंजिन, आत माणूस नाही. नाकावरचा इवलासा पंखा वाऱ्याने फिरत अंतर मोजतो. ठरलेल्या फेऱ्या भरल्या की बॉम्ब खाली सूर मारतो. ताशी सुमारे 640 किलोमीटरचा वेग. उंची अशी अडनिडी की हलक्या तोफांना जास्त आणि जड तोफांना कमी पडावी.

आता जुलैत या, लंडनच्या दक्षिणेला नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांवर. तोफा इथे रांगेने आहेत, पण बहुतेक वेळ गप्प. बॉम्बच्या मागे आपलंच लढाऊ विमान लागलेलं असतं, मग गोळा कुणावर सोडायचा? आणि नेम बसला तरी खाली केंट आहे : शेतं, शाळा, खेडी. पाडलेला बॉम्ब तिथेच फुटतो. ‘पाडला’ या शब्दाचा अर्थ त्या खेड्यात उभं राहून ऐकला की वेगळा लागतो.

जुलैच्या मध्यावर हवाई संरक्षणाचे प्रमुख रॉडरिक हिल आणि विमानवेधी तोफखान्याचे जनरल फ्रेडरिक पाइल यांनी सगळी मांडणीच मोडली. तोफा उचलायच्या आणि थेट समुद्रकिनारी न्यायच्या. विमानांनी तोफांच्या पट्ट्याच्या पुढे किंवा मागे लढायचं, पट्ट्यात शिरायचं नाही. हिल यांनी वरच्यांच्या मंजुरीसाठी थांबायचं नाकारलं. चुकलं असतं तर खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं. सेंट मार्गारेट्स बेपासून ककमिअर हेवनपर्यंत, काही दिवसांत, हजारो माणसं बिऱ्हाडासकट हलली. जड तोफांना काँक्रीटचा पाया लागतो आणि तो वाळायला वेळ कुठला? म्हणून रुळांखालचे लाकडी स्लीपर अंथरून त्यांवर तोफा बसवल्या. मला या साऱ्या कथेत ते स्लीपरच सर्वांत मोलाचे वाटतात.

ऑगस्टची रात्र. तुम्ही किनाऱ्यावर, अमेरिकेहून आलेल्या रडारच्या गाडीत आहात. पडद्यासमोर एटीएसची, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या महिला दलाची, एक मुलगी बसलीय, फार तर वीस वर्षांची. रडार आणि गणनयंत्र अशा मुलींच्या हाती आहे. तोफ डागायची परवानगी मात्र त्यांना नाही. पडद्यावर ठिपका उमटतो. ती काही बोलत नाही, फक्त तिचा पाय हलायचा थांबतो.

गोळे समुद्रावर सुमारे नऊ किलोमीटरपर्यंत पोचतात. बॉम्ब तेवढं अंतर पन्नासेक सेकंदांत कापतो. बाहेर तोफांच्या नळ्या कुणी हात न लावता वळताहेत, रडारकडून आलेल्या आकड्यांवर गणनयंत्र त्यांना वळवतंय. गोळ्याच्या टोकातल्या फ्यूजमध्ये मुठीएवढा रेडिओ आहे. तो लक्ष्याजवळ आल्याचं स्वतःच ओळखतो आणि गोळा फोडतो. पूर्वी गोळा किती सेकंदांनी फुटावा याचा अंदाज आधीच बांधावा लागे, आणि तो अर्ध्या सेकंदाने चुकला तरी गोळा वाया जाई. समुद्रावर पांढरा झोत फुटतो. काही क्षणांनी दणका कानावर येतो आणि गाडीची पत्र्याची भिंत थरथरते. मुलीचा पाय पुन्हा हलू लागतो. दुसरा ठिपका आलाय.

पट्टा हलवल्यावर पहिल्या आठवड्यात तोफांनी आपल्या टप्प्यात आलेल्यांपैकी 17 टक्के बॉम्ब पाडले. ऑगस्टअखेर 74 टक्के. यंत्रं सुधारली हे खरं, पण नवं रडार आणि नवा फ्यूज टेकड्यांवरच राहिले असते, तर विमानं आणि तोफा एकमेकांच्या वाटेत येतच राहिल्या असत्या आणि बॉम्ब खेड्यांवर पडतच राहिले असते. बचाव किती टिकतो हे यंत्राइतकंच त्याच्या जागेवर ठरतं, हे मी ठामपणे म्हणेन.

28 ऑगस्टला नव्वदहून अधिक बॉम्ब आले. लंडनपर्यंत पोचले फक्त चार. किनाऱ्यावर त्या रात्री माणसं एकमेकांना मिठ्या मारत असतील, तर ते त्यांच्या हक्काचंच.

पण त्या चारांपैकी एक जिथे पडला, तिथे या. विटांच्या ढिगाऱ्याभोवती बचाव पथकाची माणसं आहेत. कुणीतरी शिट्टी वाजवतो. फावडी थांबतात, ट्रकचं इंजिन बंद होतं, गल्लीच्या तोंडाशी जमलेली माणसं श्वास रोखतात. एक जण आडवा पडून ढिगाऱ्याला कान लावतो.