नीरम, पंखा आणि लाट : बोटीमागच्या पाण्याची कुळकथा

चालत्या बोटीच्या मागे पाण्यावर जो लाटांचा आणि फेसाचा पट्टा उमटत जातो, त्याला इंग्रजीत ‘वेक’ म्हणतात. या शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतील ‘वोक’ या शब्दात असल्याचे मानले जाते. त्या शब्दाचा अर्थ गोठलेल्या पाण्यावरील बर्फात पडलेले भगदाड, म्हणजे बर्फ फोडून गेलेल्या नावेमागे उघडी राहिलेली पाण्याची वाट. मराठीत याच खुणेला ‘माग’ म्हणता येईल. कारण जनावर जसे मातीत आपला माग सोडते, तशीच बोट तो पाण्यावर सोडते. या मागात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: एक म्हणजे बोटीच्या तळाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या लाटा, आणि दुसरी म्हणजे पंख्याने घुसळून मागे फेकलेला पाण्याचा झोत. नौकाबांधणीच्या इतिहासात बराच काळ या दोन्हींकडे तोटा म्हणूनच पाहिले गेले. माग हवा, आणि तो अमुकच आकाराचा हवा, ही मागणी गेल्या शंभर वर्षांतील आहे.

हा तोटा मोजण्याची शास्त्रशुद्ध रीत विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने घालून दिली. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्याने टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढल्या आणि प्रत्येक वेगाला किती जोर लागतो याची नोंद केली. त्यातून असे दिसून आले, की बोटीला होणाऱ्या विरोधाचा मोठा भाग लाटा उठवण्यातच खर्च होतो, आणि हा खर्च केवळ वेगावर नव्हे, तर वेग आणि बोटीची लांबी यांच्या नात्यावर ठरतो. बोटीबरोबर तिच्याच वेगाने चालणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एका वेगाला ही लाट बोटीएवढीच लांब होते. सात मीटर लांबीच्या बोटीच्या बाबतीत हा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो. त्याहून वेगाने जायचे तर बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. नाळ वर उचलली जाते, मागचा भाग खाली बसतो आणि लाट सर्वांत मोठी होते. वेग आणखी वाढला, की सपाट तळाची बोट पाणी बाजूला सारण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते आणि माग पुन्हा लहान होतो. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये या लाटांचे गणित मांडले आणि खोल पाण्यात बोटीमागची लाटांची पाचर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांत मावते, मग बोट लहान असो वा मोठी, असे दाखवले. अतिवेगवान बोटींमागे मात्र ही पाचर याहून अरुंद दिसते, याचे स्पष्टीकरण मार्क राबो आणि फ्रेडरिक मोइझी या फ्रेंच संशोधकांनी २०१३ मध्ये दिले.

मागातील दुसरा घटक, म्हणजे मळसूत्री पंखा, एकोणिसाव्या शतकातला. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने आणि जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने १८३६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इंग्लंडमध्ये अशा पंख्यांचे पेटंट घेतले. स्मिथचा पंखा एकटा फिरणारा होता, तर एरिक्सनच्या रचनेत एकामागे एक अशी दोन चाके उलट दिशांनी फिरत होती. एकच पंखा पाण्यात फिरतो तेव्हा पाण्याला तो जितका पीळ देतो, तितकाच उलट पीळ बोटीच्या अंगाला बसतो. मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या, म्हणजे उजव्या हाताच्या पंख्यामुळे बोट डावीकडे किंचित कलते. डाव्या हाताचा पंखा असेल, तर ती उजवीकडे कलते. त्यातच पंख्याचा शाफ्ट मागे उतरता असल्यास खाली जाणारे पाते वर येणाऱ्या पात्यापेक्षा पाणी अधिक जोराने रेटते, त्यामुळे उजव्या हाताच्या पंख्याची बोट सुकाणू सोडताच डावीकडे वळू पाहते. व्हाइटहेड या अभियंत्याच्या टॉर्पेडोला नंतर एकाच शाफ्टरेषेवर उलट फिरणारे दोन पंखे बसवले गेले ते पाण्याखाली तो स्वतःभोवती गिरकी घेऊ नये म्हणूनच. थोडक्यात, पंख्याच्या फिरण्याची दिशा हाही निस्तरण्याचाच दोष होता.

या कुळकथेतील तिसरा घटक पंख्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. रिकाम्या जहाजाला स्थैर्य यावे म्हणून त्याच्या तळाशी भरलेल्या दगड, वाळू इत्यादी वजनाला मराठीत ‘नीरम’ असा जुना शब्द आहे, आणि इंग्रजीतील ‘बॅलास्ट’ तो हाच. माल उतरवून परतणाऱ्या शिडाच्या जहाजाला नीरम भरणे आणि पुढच्या बंदरात ते उपसून टाकणे, हे वेळखाऊ आणि मजुरी खाणारे काम होते. उत्तर इंग्लंडमधील कोळसा लंडनला वाहून नेणाऱ्या जहाजांना तर परतीच्या प्रत्येक फेरीत हा भुर्दंड बसे. १८५२ मध्ये जॅरो येथे चार्ल्स मार्क पामर यांच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या ‘जॉन बोव्स’ या लोखंडी आगबोटीने तो टाळला. तिला मळसूत्री पंखा होता आणि नीरम म्हणून तिच्यात पाणीच भरले जाई, जे हवे तेव्हा पंपाने बाहेर काढता येई. पंखा आणि पाण्याचे नीरम या दोन गोष्टी ज्या व्यापारी बोटींत प्रथमच यशस्वीपणे एकत्र आल्या, त्यांत ‘जॉन बोव्स’चे स्थान मानाचे आहे. करमणुकीच्या बोटीवर ही जोडी पुन्हा भेटायला मात्र जवळपास दीडशे वर्षे जावी लागली.

करमणुकीच्या बाजूचा आरंभ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या विस्तीर्ण जलाशयाच्या काठच्या लेक सिटी गावात झाला. तेथील राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने १९२२ च्या उन्हाळ्यात भावाने हाकलेल्या बोटीमागे दोरी धरून पाण्यावर उभे राहण्याचे प्रयत्न केले. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की निष्फळ ठरल्यावर त्याने आठ फूट लांब व नऊ इंच रुंद फळ्या घेऊन त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली, आणि शरीर मागे झुकवून ही टोके पाण्याबाहेर ठेवली तर बोट माणसाला उचलून धरते, हे २ जुलै रोजी सिद्ध केले. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही. जलस्कीचे पेटंट १९२५ मध्ये फ्रेड वॉलर यांना मिळाले. सुरुवातीच्या या खेळात बोट म्हणजे केवळ ओढणारे यंत्र होते, आणि तिचा माग ही वाटेत येणारी अडचण होती.

खेळाला स्पर्धेचे रूप आल्यावर ही अडचण बोट बांधणाऱ्यांसमोर नेमक्या स्वरूपात उभी राहिली. स्लॅलम या प्रकारात २५९ मीटरच्या मार्गावर सहा तरंगत्या खुणांना वळसे घालताना स्कीपटू बोटीचा माग पुन्हा पुन्हा ओलांडतो, आणि पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. अशा वेगात गुडघाभर लाटही त्याला फेकून देऊ शकते. म्हणून स्कीची बोट हलकी, रुंद आणि जवळजवळ सपाट तळाची झाली, आणि तिचे इंजिन मधोमध आले, जेणेकरून ती नाळ न उचलता सपाट बसेल. फ्लोरिडात १९२५ मध्ये वॉल्टर मेलून यांनी सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे आलेल्या करेक्ट क्राफ्ट या कंपनीची ‘स्की नॉटिक’ १९६१ मध्ये आली, आणि १९६८ मध्ये टेनेसीत मास्टरक्राफ्टचा आरंभ झाला. तळाखाली बसवलेल्या पातळ पात्यांमुळे या बोटी ओढ बसूनही सरळ रेषा सोडत नसत. येथवरचा सारा प्रयत्न फ्राउडच्या हौदातल्यासारखाच होता: लाट कमीत कमी कशी करावी.

दिशा उलटली ती फळी बदलल्यावर. १९८५ मध्ये सॅन दिएगोच्या टोनी फिन यांनी ‘स्कर्फर’ ही सर्फबोर्डसारखी फळी बाजारात आणली. पाय फळीला बांधून बोटीमागे जाणाऱ्या या खेळाला पुढे वेकबोर्डिंग हे नाव मिळाले, आणि हर्ब ओब्रायन यांच्या कंपनीने १९९० च्या सुमारास ‘हायपरलाइट’ ही साच्यात दाबून घडवलेली, पाण्यात सहज बुडवता येणारी फळी आणल्यावर तो वेगाने पसरला. या खेळात लाट हा उडी मारण्याचा उतार असतो. स्कीची बोट मुद्दाम लाट दाबणारी असल्याने खेळाडूंनी बोटीत मित्रांना बसवले, वाळूच्या पोत्यांसारखी वजने टाकली आणि अखेर ‘फॅट सॅक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पिशव्यांत तलावाचेच पाणी पंपाने भरले. तत्त्व आर्किमिडीजचे होते: हजार किलो पाणी बोटीत आले, की संथ चालीत बोट आणखी एक घनमीटर पाणी बाजूला सारते, आणि मागची पोकळी भरून येताना तितकीच मोठी लाट उभी राहते. पुढे पिशव्यांची जागा बोटीत बांधलेल्या टाक्यांनी घेतली. इंजिनही मधून मागे गेले. ते उलटे बसवून शाफ्ट आधी पुढे गिअरबॉक्सकडे आणि तेथून वळून मागे पंख्याकडे नेल्याने इंग्रजी व्ही अक्षराचा आकार होतो, म्हणून या रचनेला व्ही-ड्राइव्ह म्हणतात. इंजिनाचे वजनच आता नीरमाचे काम करू लागले.

वेकसर्फिंग या सर्वांत अलीकडच्या प्रकारात खेळाडू दोरी सोडून देतो आणि लाटेच्या उतारावरच बोटीमागे तरंगत राहतो. बोटीचा वेग ताशी १६ ते १८ किलोमीटर, म्हणजे बोट स्वतःच्या लाटेचा चढ चढत असते तोच, एके काळी अभियंत्यांनी टाळलेला वेग. ताशी १८ किलोमीटर वेगाने बोटीबरोबर चालणारी लाट सुमारे १६ मीटर लांब असते. तीच ताशी ५८ किलोमीटरला गणिताने १६० मीटरांहून लांब आणि म्हणून सपाट होते. पण लाट मोठी असणे पुरेसे नाही, ती एका बाजूने स्वच्छही हवी. बोटीच्या दोन्ही बाजूंनी मागे येणारे पाणी मध्ये भिडून फुटते, म्हणून जुन्या सर्फर मंडळींनी सारे नीरम एकाच मागच्या कोपऱ्यात भरून बोट मुद्दाम कलती ठेवली. जहाज सरळ ठेवण्यासाठी शोधलेले नीरम येथे ते तिरके करण्यासाठी वापरले गेले.

या कलाच्या संदर्भातच पंख्याच्या दिशेचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. उजव्या हाताचा पंखा बोटीची डावी बाजू खाली दाबतो, आणि त्याच्या झोतातले पाणी डाव्या अंगाने वर उसळते. त्यामुळे अशा बोटीची डावी लाट अधिक सहज बनते, आणि डाव्या हाताच्या पंख्याची उजवी. डावा पाय पुढे ठेवणारा खेळाडू, ज्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, बहुधा डावी लाट घेतो, तर उजवा पाय पुढे ठेवणारा ‘गूफी’ उजवी. मात्र या परिणामाचे माप ओळखले पाहिजे. पंखा १०० किलोवॉट शक्तीने मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याचा उलट पीळ सुमारे ४८० न्यूटन-मीटर येतो, म्हणजे मधल्या रेषेपासून एक मीटरवर बसलेल्या पन्नासएक किलोंच्या माणसाइतका. कोपऱ्यातले शेकडो किलो पाणी याच्यावर सहज मात करते. पंख्याची दिशा लाटेला एका बाजूकडे झुकते माप देते. लाटेचा आकार ठरवण्याचे काम वजन, वेग आणि तळाची घडण यांचेच.

२०१२ नंतर हा कलही अनावश्यक झाला. मालिबू कंपनीच्या ‘सर्फ गेट’ने आणि त्याच सुमारास आलेल्या करेक्ट क्राफ्टच्या ‘नॉटिक’ बोटींच्या यंत्रणेने बोटीच्या मागच्या कडेला, हव्या त्या लाटेच्या विरुद्ध बाजूस, हलती पाती लावली. या पात्यांमुळे त्या बाजूचे पाणी मध्ये यायला उशीर होतो, भिडण्याची जागा सरकते आणि दुसरी लाट अखंड राहते. नीरम आता दोन्ही बाजूंना सारखे भरता येते आणि खेळाडू बदलला तर लाट काही क्षणांत बाजू बदलते. २०१५ मध्ये व्होल्व्हो पेंटाने पंखे पुढे तोंड करून बोटीच्या तळाखाली आत नेलेले ‘फॉरवर्ड ड्राइव्ह’ आणले. त्यात एरिक्सनप्रमाणे उलट फिरणारे दोन पंखे आहेत.

लाट वाढवण्याच्या या कलेची किंमत काठाला मोजावी लागते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे आढळले, की वेकसर्फिंगच्या बोटीची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी शांत होण्यासाठी काठापासून ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये हे खेळ काठापासून किमान ५०० फूट दूर आणि किमान २० फूट खोल पाण्यातच खेळावेत असा नियम केला. त्याच नियमात नीरमाचाही विचार आहे, कारण टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तलावातून दुसऱ्यात पोहोचतात. ‘जॉन बोव्स’ला जे पाणी कुठेही भरून कुठेही ओतता येत होते, त्यासाठी व्हरमाँटमधील बोटीला २०२४ च्या या नियमानुसार वर्षभर एकच तलाव ठरवून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या तलावावरून परत यायचे असेल, तर आधी टाक्या निर्जंतुक करून घ्याव्या लागतात.