अतिथीचे देणे

मराठी वाङ्मयात आतिथ्याचा विचार विपुल आहे. परंतु तो बहुतांशी यजमानाच्या बाजूने झालेला आहे. दारी आलेल्याला पाट कसा द्यावा, पानात आधी काय वाढावे, निरोप देताना किती पावले सोबत चालावे, याचे संकेत धर्मग्रंथांपासून स्त्रियांच्या ओव्यांपर्यंत सर्वत्र विखुरलेले आढळतात. अतिथीने मात्र यजमानाला काय द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणाच्या हाती द्यावे, याविषयी ग्रंथकारांनी फारसे लिहिले नाही. ही उणीव रूढीने भरून काढली. त्या रूढीचा इतिहास पाहावयाचा तर पुण्या-सातारच्या वाड्यांपेक्षा मराठी मुलुखाच्या पूर्वेकडील सीमेपलीकडे, दुर्ग-भिलई या जोडशहरातील बोरसीसारख्या वस्तीकडे दृष्टी वळविणे अधिक उपयुक्त ठरते. मराठी, छत्तीसगढी आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काही काळ रशियन, अशा तीन पाहुणचारांची गाठ या परिसरात पडली.

मुळात ‘अतिथी’ ही संज्ञा फार मर्यादित होती. मनुस्मृतीच्या मते जो एकच रात्र राहतो तो अतिथी. अशा मनुष्याकडून परतफेडीची अपेक्षाच नसे. त्याचे येणे हेच यजमानाचे पुण्य. राजा, देव आणि गुरू यांच्या दर्शनास रिक्तहस्ते जाऊ नये असा संस्कृत संकेत आहे खरा, पण त्यात मित्राचे घर येत नाही. मित्राच्या घरी जाणाऱ्याच्या हातात काय असावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत ठळकपणे उभा केला तो भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याच्या आख्यानाने. श्रीधरांच्या ‘हरिविजया’मुळे (१७०२) कृष्णकथा मराठी घराघरांत पोहोचली आणि सुदाम्याचे पोहे हा वाक्प्रचारच होऊन बसला. त्या वाक्प्रचारामुळे कथेतील सूक्ष्म भाग मात्र झाकला गेला. हे पोहे सुदाम्याच्या घरचे नव्हेत. त्याच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून चार मुठी मागून आणले आणि जुन्या वस्त्रात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून ती पुरचुंडी पुढे करण्याचे धैर्य सुदाम्याला झाले नाही. ती कृष्णानेच ओढून घेतली. म्हणजे भेट देण्याची लाज ही या कथेची खरी वस्तू आहे, आणि ती लाज दूर करण्याचे काम यजमानाकडे आहे. भक्तिपर निरूपणांनी दारिद्र्य आणि ऐश्वर्य यांच्या विरोधावर भर दिल्यामुळे हे नाते काहीसे दुर्लक्षित राहिले.

मराठी रूढीने सुदाम्याची अडचण वेगळ्या प्रकारे सोडविली. पाहुण्याने आणलेले यजमानाच्या हाती द्यावयाचेच नाही. ते मुलांच्या हाती ‘खाऊ’ म्हणून द्यावयाचे किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपुढे ठेवावयाचे. शिवाय ते येताच द्यावयाचे, निघताना नव्हे. निघताना देणे यजमानाचे: सवाष्णीची ओटी, कुंकू, वाटेची शिदोरी. पाहुण्याने निरोपाच्या वेळी काही पुढे केले तर ते राहिल्या-जेवल्याचे मोल ठरेल, ही भीती त्यामागे असावी. मुलाच्या मुठीत जाता जाता कोंबलेला रुपया हा एकच अपवाद, आणि त्यालाही घरच्यांनी दोनदा ‘नको’ म्हटले पाहिजे. ‘आभार’ हा शब्द तर जवळच्या घरी उच्चारणे म्हणजे दुरावा मान्य करणे. आभारप्रदर्शन सभेच्या शेवटी शोभते, माजघरात नव्हे. शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवू नये हा नियमही याच कुळातला. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परतफेड करणे या तिन्हींना समाजाची बंधने म्हटले, आणि त्यासाठी महाभारतातील दानधर्माचाही आधार घेतला. माजघरातील या भांड्याने त्याच्या सिद्धान्ताला चांगला दाखला पुरविला असता.

दरबारात हाच व्यवहार उघड होता. भेटीस येणाऱ्याने नजर करावयाची, निरोप घेताना त्याला पोशाख आणि विडा मिळावयाचा. दोन्हींची किंमत लिहून ठेवली जाई. तेथे स्नेहाचा प्रश्न नव्हता, दर्जाचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी अशा नजराण्यांवर गडगंज संपत्ती मिळविली, तेव्हा १७७३ च्या नियामक कायद्याने त्यांना भेटी स्वीकारण्यास मनाई केली. त्यापुढे अधिकाऱ्याला दिलेली भेट आणि लाच यांच्यातील रेषा आखणे ही राज्यकारभाराची कायमची डोकेदुखी झाली.

मराठे छत्तीसगढात आले ते अर्थातच पाहुणे म्हणून नव्हे. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरावर चालून गेल्या; पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत तेथूनच कारभार पाहिला. या फौजांमागून कारकून, पुजारी, वैद्य आले आणि त्यांतील काही घरे कायमची राहिली. जिंकणाऱ्याने आणलेल्या वस्तूला भेट म्हणता येत नाही. परंतु एक-दोन पिढ्यांनंतर, दौलत गेल्यावर, हीच कुटुंबे शेजारी झाली आणि त्यांना एका अशा संस्थेचा परिचय झाला जिच्या तोडीचे मराठी लोकजीवनात सहसा आढळत नाही.

ती संस्था म्हणजे ‘मितान’. छत्तीसगढात दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्री बांधतात, त्याला मितान बदणे म्हणतात. या विधीत एखादी वस्तू परस्परांना दिली जाते आणि त्या वस्तूचे नाव हेच पुढे दोघांचे परस्परांना हाक मारण्याचे नाव होते. जगन्नाथपुरीचा प्रसाद देऊन बांधलेले मित्र एकमेकांना ‘महाप्रसाद’ म्हणतात, गंगेचे पाणी देऊन बांधलेले ‘गंगाजल’, रथयात्रेच्या मोड आलेल्या मुगांचा प्रसाद देऊन बांधलेले ‘गजामूंग’. श्रावणात टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवून राखीपौर्णिमेनंतर त्यांचे विसर्जन करतात. त्यांतील काही अंकुर मुली एकमेकींच्या कानांवर खोवतात आणि त्या जन्माच्या ‘भोजली’ होतात. मूळ नाव घेणे त्यानंतर अनुचित. मितानाची आई ती ‘फूलदाई’, वडील ‘फूलददा’. सुखदुःखात दोन्ही घरे एक. जातीची भिंतही येथे आड येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटेल. भेटवस्तूला इतका मोठा अधिकार क्वचितच मिळाला असेल. या वस्तूंची बाजारातील किंमत जवळजवळ शून्य: चार दाणे, ओंजळभर पाणी, पिवळसर कोंब. नेमकी त्यामुळेच येथे सुदाम्याला लाजण्याचे कारण उरत नाही. आणि वस्तू टिकाऊ नाही म्हणून ती नावात साठवून ठेवावी लागते.

जातीचा उल्लेख आला आहे तर पाहुण्याच्या भेटीतील कोरडे आणि शिजलेले हा भेदही सांगितला पाहिजे. नारळ, फळ, गूळ, तांदूळ, सुपारी ही महाराष्ट्रातील भेटीची जुनी यादी चवीने ठरलेली नाही. शिजलेले अन्न कोणाच्या हातचे चालते यावर कडक निर्बंध होते. कोरडा शिधा आणि अखंड फळ यांना ते फारसे लागू नव्हते. आज ज्याला आपण साधी, सात्त्विक भेट म्हणतो तिच्या मुळाशी हे अप्रिय सत्य आहे.

रेल्वेने भेटींचा भूगोल बदलला. १८८० नंतरच्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे नेला. नागपूरची संत्री करंडीतून पूर्वेकडे जाऊ लागली. परतताना चारोळी, तिखूर आणि दुबराज तांदूळ येऊ लागले. नागपुरी श्रीखंडातील चारोळी छत्तीसगढच्या जंगलातील असे, हे खाणाऱ्याच्या ध्यानीही नसे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर त्याच नातेवाइकाकडचा मुक्काम परप्रांतातला झाला.

त्याच सुमारास भिलईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत संघाशी करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सर्व प्रांतांचे लोक एकसारख्या क्वार्टरांत राहू लागले, आणि सोव्हिएत तज्ज्ञही सहकुटुंब शेजारी आले. रशियन माणूसही कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. फुले नेली तर ती विषम संख्येची असावीत, कारण सम संख्या अंत्यविधीची. अकरा, एकवीस, एकशे एक असा आहेर करणाऱ्या मराठी गृहिणीला हे समजावून सांगावे लागले नसते. या स्नेहाची खूण म्हणून कारखान्याने १९७२ मध्ये मैत्रीबाग उभारली.

पुढील काळात भेटीचे दुकान झाले. चकचकीत कागदात बांधलेले काचसामान एका घरातून दुसऱ्या घरी, पेटी न उघडताच प्रवास करते. देणाऱ्याने घर पाहिलेले नसते, घेणाऱ्याने वस्तू. बस्तरच्या घडव्यांची ओतीव मूर्ती किंवा चांप्याचे कोशाचे वस्त्र नेणाऱ्याची निवड त्यामानाने चांगली; पण तीही बोरसीच्या घरी नेण्यात अर्थ नाही, तेथे ती आधीच असते. तेथे वऱ्हाडातील कुरडया आणि ज्वारीचे पापड नेणारा अधिक जाणता. त्याने उणे काय आहे ते ओळखलेले असते.

दीर्घ मुक्कामाची परतफेड कशी होते याचे एक वेगळे उदाहरण याच प्रदेशात आहे. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. घरातून निघताना जे बरोबर घेतले तेच त्यांनी यजमानांच्या भाषेत त्यांच्या पुढे ठेवले. त्यांच्या मासिकाच्या नावात ‘मित्र’ आहे. छत्तीसगढी वाचकाच्या कानाला त्यात ‘मितान’ ऐकू आला असल्यास नवल नाही.