रामाजी कामत व मुंबईचें इंग्रजी देऊळ : १७१८ च्या नाताळांतील एका साक्षीचा विचार

मुंबईच्या किल्ल्यांतील सेंट थॉमस चर्च हें त्या शहरांतील इंग्रजांचें पहिलें देऊळ होय. तें उपासनेसाठीं उघडलें तो दिवस २५ डिसेंबर १७१८. इंग्रज त्या काळीं जुनी ज्युलियन कालगणना पाळीत असल्यामुळें हल्लींच्या गणनेनें तो दिवस ५ जानेवारी १७१९ येतो. शक १६४० चालू होता. त्या प्रसंगाचें वर्णन देऊळ पुरें करविणारा पाद्री रिचर्ड कॉब ह्यानें लिहून ठेविलें असून तें १७६६ सालीं लंडनमध्यें पुस्तकरूपानें छापलें गेलें. त्यांत एक लहानसा उल्लेख असा आहे कीं, उपासना चालू असतां भोंवतीं एतद्देशीय लोकांचा मोठा जमाव उभा होता, त्यांत रामाजी व त्याचे जातभाई होते, आणि उपासनेंतील शिस्त व गांभीर्य पाहून ते इतके संतुष्ट झाले कीं शेवटपर्यंत उभेच राहिले. हा रामाजी म्हणजे इंग्रजी कागदपत्रांत ‘रामा कामाटी’ ह्या नांवानें येणारा शेणवी व्यापारी रामा कामत होय, असें अभ्यासक मानीत आले आहेत.

मुंबईच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत हा उल्लेख कौतुकानें उतरून घेतलेला आढळतो. परधर्मीयांस ख्रिस्ती उपासनेचें आकर्षण वाटल्याचा पुरावा म्हणून कोणी तो देतात, तर त्या काळच्या धार्मिक सलोख्याचें चित्र म्हणून कोणी देतात. ह्या दोन्ही अर्थांस तो उल्लेख कितपत आधार देतो, हें तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम देवळाची हकीकत. मुंबई बेट कंपनीकडे आल्यावर गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर ह्यानें १६७० नंतरच्या दशकांत ह्या देवळाचा आरंभ केला. १६७७ सालीं ऑंजियर सुरतेस वारला. पुढें भिंती सुमारें १५ फूट उंचीपर्यंत येऊन काम थांबलें, आणि जवळजवळ चाळीस वर्षें त्या तशाच उभ्या होत्या. दरम्यान इंग्रजांची उपासना किल्ल्यांतील खोल्यांतच होत असे. १७१४ सालीं कॉब मुंबईस आला. त्यानें उपदेशांतून व पत्रांतून कंपनीच्या नोकरांस वारंवार टोंचणी देऊन वर्गणी गोळा केली, १७१५ पासून काम पुन्हा सुरू करविलें, आणि चार्ल्स बून गव्हर्नर असतां तें तडीस नेलें.

आतां उपासनेकडे वळूं. रामाजीनें त्या दिवशीं काय पाहिलें असेल ह्याची बरीच निश्चित कल्पना करतां येते; कारण इंग्लंडच्या चर्चची उपासना पाद्र्याच्या मर्जीवर चालत नसे. १६६२ सालीं कायद्यानें ठरविलेल्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणें प्रत्येक दिवसाचे पाठ व प्रार्थना नेमलेल्या असत. त्या पुस्तकांतील सूचनेवरून, नाताळच्या सकाळीं नेहमींच्या प्रेषितांच्या मतांगीकाराऐवजीं अथनासियसच्या नांवानें चालत आलेला मतांगीकार म्हणावयाचा असतो. त्यांत ख्रिस्ताच्या आगमनकाळीं सर्व मनुष्यें आपापल्या देहांसह उठतील, असें विधान आहे. प्रभुभोजनाच्या विधींत नायसीयाचा मतांगीकार येतो. त्याचा शेवट मृतांच्या पुनरुत्थानाच्या अपेक्षेनें होतो. शिवाय त्या दिवशीं एका बालकाचा बाप्तिस्मा झाला असें कॉब सांगतो. बाप्तिस्म्याच्या विधींत बालकाच्या वतीनें धर्मपालकांस जे प्रश्न विचारितात त्यांत देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे काय, हाहि एक आहे. आणि पाण्यांत उतरणें म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलें जाणें व वर येणें म्हणजे त्याच्याबरोबर उठणें, असा त्या विधीचा अर्थ लाविलेला आहे. सारांश, सण जन्माचा असला तरी नेमलेल्या शब्दांत मरणानंतर पुन्हा उठण्याची गोष्ट निरनिराळ्या ठिकाणीं येते.

हें स्वाभाविकच आहे. ख्रिस्ती उपासनेचा पाया नाताळ नसून ईस्टर होय. यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस शनिवार. ख्रिस्ती मंडळीनें रविवार धरला तो त्या दिवशीं ख्रिस्त कबरेंतून उठला ह्या विश्वासामुळें. म्हणजे वर्षांतला प्रत्येक रविवार हा लहानसा ईस्टरच होय. मुंबईंतील इंग्रजांस तर ही शिकवण केवळ ग्रंथांतली नव्हती. १६८९ सालीं आलेला पाद्री ओव्हिंग्टन ह्यानें, ह्या बेटावर माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशा अर्थाची म्हण नोंदविली आहे. मेंढम पॉइंट येथील त्यांचें कबरस्तान अल्पावधींत भरत गेलें. तेथें प्रत्येक प्रेतापुढें करिंथकरांस पत्राचा पंधरावा अध्याय वाचला जाई. त्यांत पेरलेला दाणा मेल्यावांचून उगवत नाहीं, तसेंच देहाचें आहे, असा दृष्टांत आहे. घरापासून हजारों कोस दूर, विशी-पंचविशींत मरणाऱ्या कारकुनांच्या व शिपायांच्या वस्तीला हा अध्याय काय वाटत असेल, हें निराळें सांगावयास नको. पक्कें देऊळ बांधण्याच्या कॉबच्या आग्रहामागें इंग्रजांच्या इभ्रतीचा विचार होताच. पण मरणाच्या ह्या नित्य शेजाराचाहि होता, असें समजण्यास हरकत नाहीं.

परंतु हें सर्व इंग्रजी भाषेंत चाललें होतें. भोंवतीं उभ्या असलेल्या जमावापर्यंत त्यांतला सिद्धांत पोंचला, असें कॉबहि म्हणत नाहीं. त्यांस आवडली ती ‘शिस्त’ असेंच तो लिहितो. हा शब्दभेद महत्त्वाचा आहे. उठणें-बसणें, गुडघे टेकणें, एकस्वरानें उत्तर देणें हें डोळ्यांस दिसतें. देहाचें पुनरुत्थान दिसत नाहीं, तें सांगावें लागतें. आणि मराठी माणसास तें सांगणें विशेष कठीण. आपल्याकडे पुनर्जन्माची कल्पना रुजलेली : देह जीर्ण वस्त्राप्रमाणें टाकावयाचा, आत्मा नवा देह घेतो. ख्रिस्ती मत त्याच्या उलट. तेथें जन्म एकदांच, आणि शेवटीं तोच देह, पालटलेल्या तेजस्वी स्वरूपांत, पुन्हा उठावयाचा. दहन करणाऱ्या समाजास व पुरणाऱ्या समाजास देहाबद्दल काय वाटतें, ह्यांतील अंतर येथें उघड होतें.

तें सांगण्याची सोय मराठींत त्यापूर्वींच झालेली होती, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत ख्रिस्ताचें मरण व पुनरुत्थान ओवीबद्ध मराठींत वर्णिलें आहे. परंतु तो रोमन पंथाचा ग्रंथ, आणि मुंबईच्या कंपनीचे पाद्री प्रॉटेस्टंट. कंपनीला १६९८ सालीं मिळालेल्या सनदेंत, पाद्र्यांनीं एका वर्षांत पोर्तुगीज शिकावी, तसेंच देशी भाषेचा अभ्यास करून कंपनीच्या हिंदु नोकर-गुलामांस धर्म शिकवावा, असें कलम होतें. म्हणजे इतरांस उपासनेस बोलाविण्याचें कर्तव्य कागदावर होतें. व्यवहारांत १७१८ च्या देवळांत जी उपासना झाली ती इंग्रजांची इंग्रजांसाठीं होती, आणि देशी लोक तिच्या कडेला उभे होते.

मग रामाजी तेथें कां उभा होता? ह्याचें उत्तर शोधण्यास त्याची स्थिति पाहिली पाहिजे. तो बेटावरील मोठा धनिक, कंपनीचा जुना सहाय्यक, व भंडारी शिपायांच्या पथकाशीं संबंध असलेला पुढारी होता. वाळकेश्वराचें देऊळ १७१५ च्या सुमारास त्यानेंच पुन्हा बांधविलें, असें परंपरेनें सांगतात. ज्याच्या खर्चानें शिवालय उभें राहिलें तोच तीन वर्षांनीं इंग्रजांच्या देवळाच्या उद्‌घाटनास उभा राहतो, ह्यांत विसंगति मुळींच नाहीं. गव्हर्नराच्या समारंभास हजर राहणें हा दरबारी शिष्टाचार होता. आणि दुसऱ्याच्या देवाचा मान राखणें ही आपल्याकडील प्रतिष्ठित गृहस्थांची रीतच होती. ह्यापलीकडे त्या उभें राहण्यांत धर्मजिज्ञासा पाहणें म्हणजे कागदांत नसलेलें त्यांत वाचणें होय.

ह्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट मात्र ह्या प्रसंगाशेजारीं क्वचितच ठेविली जाते. देऊळ उघडण्यापूर्वीं जेमतेम महिना-दीड महिना, म्हणजे नोव्हेंबर १७१८ मध्यें, बून ह्यानें कान्होजी आंगऱ्याच्या खांदेरी किल्ल्यावर स्वारी केली होती. ती पूर्णपणें फसली. त्या अपयशाचा सल मनांत घेऊनच गव्हर्नर व त्याची कौन्सिल नाताळच्या उपासनेस बसली होती. पुढें १७२० सालीं रामाजीस पकडण्यांत आलें. त्याजवर आंगऱ्याशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता, आणि खांदेरीच्या मोहिमेची बातमी अगोदर कळविली हा त्यांतील एक भाग होता. खटला चालला तो बूनच्याच अमलाखालीं. साक्ष मिळविण्यासाठीं एकास शारीरिक यातना देण्यांत आल्या, पुरावा म्हणून पत्रें पुढें आणण्यांत आलीं, रामाजीस जन्मकैद झाली व त्याची मालमत्ता जप्त झाली. तो कैदेंतच १७२८ च्या सुमारास मेला. तीं पत्रें बनावट होतीं, असें मत पुढें अनेक इतिहासकारांनीं मांडलें आहे.

ह्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे कॉबच्या वाक्याचा रंग पालटतो. कॉबनें खोटें लिहिलें असें म्हणण्याचें कारण नाहीं; रामाजी उभा होता, आणि शेवटपर्यंत उभा होता, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. परंतु तो स्वतःच्या श्रमानें उभारलेल्या देवळाचें वर्णन करीत होता, आणि पाहणाऱ्यांचें समाधान हा त्या श्रमाच्या सार्थकतेचा दाखला होता. हजेरी ही वस्तुस्थिति. ‘संतुष्ट झाले’ हा लेखकाचा तर्क. ह्या दोहोंत भेद न केल्यामुळें उत्तरकालीन लेखकांनीं एका शिष्टाचाराला आमंत्रणाचें व आमंत्रणाला स्नेहाचें रूप दिलें. प्रत्यक्षांत ज्या सत्तेच्या देवळांत तो आदरानें उभा राहिला तिनेंच पंधरा-सोळा महिन्यांत त्याचा संशय धरिला. समोरासमोर उभें राहण्यानें विश्वास उत्पन्न झाला नव्हता, हें त्या खटल्यावरून स्पष्ट होतें.

खरें आमंत्रण एका शतकानंतर आलें, आणि तें भाषेच्या वाटेनें आलें. श्रीरामपूर येथील मिशनऱ्यांनीं मराठी नवा करार १८११ सालीं छापला. १८१३ च्या कायद्यानें मिशनरी कार्यास वाट मोकळी झाली. इंग्लंडच्या चर्चशीं संलग्न असलेल्या चर्च मिशनरी सोसायटीनें १८२० सालीं मुंबईस व १८३२ सालीं नाशकास काम सुरू केलें. ह्यानंतर पुनरुत्थानाचा सिद्धांत मराठी माणसाच्या कानीं त्याच्या भाषेंत पडूं लागला, आणि लगेच त्याची छाननीहि सुरू झाली. कोंकणस्थ कुळांतील, काशींत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे प्रथम ख्रिस्ती मताच्या खंडनास उभे राहिले, आणि १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनीं स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढें अँग्लिकन दीक्षा घेतलेल्या नेहेम्या गोऱ्यांनीं ‘षड्दर्शनदर्पण’ ह्या ग्रंथांत हिंदु दर्शनांशीं वाद घातला. त्यांचे निष्कर्ष कोणास पटोत वा न पटोत, हा व्यवहार देवळाच्या कडेला उभें राहण्याहून अगदीं निराळा होता. येथें ऐकणाऱ्यास प्रश्न विचारतां येत होता, नाकारतां येत होतें, आणि नाकारण्याचीं कारणें देतां येत होतीं.

१८१६ सालीं कलकत्त्याचा बिशप मिडल्टन ह्यानें मुंबईच्या देवळाचा विधिपूर्वक संस्कार केला, आणि तें प्रेषित थॉमस ह्याच्या नांवानें अर्पण झालें. ही निवड प्रस्तुत विषयास मोठी जुळणारी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणें, बाकीच्या शिष्यांनीं ख्रिस्त उठल्याचें सांगितलें तेव्हां खिळ्यांचे वण पाहिल्यावांचून मी मानणार नाहीं, असें म्हणणारा तो थॉमस. हिंदुस्थानांत धर्म त्यानेंच आणिला ह्या परंपरेमुळें तें नांव दिलें असावें हें उघड आहे. तरी पुरावा मागणारा शिष्य त्या देवळाचा पालक ठरला, आणि त्याच्या मागणीबद्दल त्यास मंडळींतून घालविलें नाहीं, हा अर्थहि त्या नांवांत आहे. १८३७ सालीं मुंबईस बिशपची गादी झाल्यावर हें देऊळ कथीड्रल झालें. १९७० पासून तें उत्तर भारताच्या संयुक्त मंडळींत आहे.

ह्या देवळाजवळील किल्ल्याच्या दरवाज्यास ‘चर्च गेट’ म्हणत. १८६० नंतर तट पाडतांना तो दरवाजाहि गेला. नांव मात्र स्टेशनाला राहिलें. मुंबईंतील जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरेंहि ह्याच देवळापासून मोजलेलीं होतीं. पण रामाजीच्या बाबतींत देवळापासूनचें अंतर असें मोजतां येत नाहीं. तो दाराशीं होता एवढ्यावरून तो जवळ होता असें ठरत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं आंगरे-इंग्रज संबंधाचे किंवा मुंबईच्या शेणवी घराण्यांचे कागद आहेत त्यांनीं शक १६४० ते १६५० ह्या वर्षांचे कागद ह्या दृष्टीनें पुन्हा पाहावे. उपासनेच्या वर्णनाशेजारीं खटल्याचा कागद ठेविल्यावांचून त्या नाताळच्या सकाळचा अर्थ पुरा लागत नाहीं, इतकेंच येथें दाखवावयाचें होतें.