काचेची पेटी आणि आईचा ऊर

मनुष्याचें मूल जन्मास येतें तें ओलें, उघडें आणि थंडीस अगदीं अनभ्यस्त असें. आईच्या उदरांत नऊ महिने त्याच्याभोंवतीं सदतीस अंशांच्या वर उष्णतामान असतें. बाहेर येतांच तें त्याहून दहाबारा अंश थंड अशा हवेंत येऊन पडतें. वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठा, डोकें तर साऱ्या देहाच्या मानानें भलतेंच मोठें, आणि कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्ति त्याच्या अंगीं जवळजवळ नसते. निसर्गानें त्याच्या मानेभोंवतीं व खांद्यांच्या फऱ्यांमध्यें एका तपकिरी चरबीचा सांठा दिलेला असतो. तो जाळून तें कशीबशी ऊब राखतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला हा सांठाहि पुरेसा मिळालेला नसतो. थंड पडलेलें मूल दूध ओढीत नाहीं, दूध नाहीं म्हणून अधिकच थंड पडतें, आणि असें होतां होतां न रडतां मालवतें. घरच्या माणसांना वाटतें, मूल शांत निजलें आहे.

आपल्याकडील जुन्या घरांतून बाळंतिणीची खोली, शेगडी, कुंची, झबलें-टोपडें, दुपटें यांची जी व्यवस्था असे तिच्यामागें हाच अनुभव होता. टोपड्यापुढें तर आजचें वैद्यकहि मान डोलवील. कारण उघड्या डोक्यावाटे मुलाची पुष्कळशी ऊब निघून जाते. शेगडीचें मात्र तसें नाहीं. दारेंखिडक्या लावून घेतलेल्या खोलींतील कोळशाचा धूर कोवळ्या फुफ्फुसांस बाधतो, आणि त्यांतील विषारी वायु प्रसंगीं जीवहि घेतो. जन्मतांच मुलाला न्हाऊं घालण्याची घाई तर मिळालेली ऊबहि घालविते. म्हणून पहिलें स्नान निदान एक दिवस तरी लांबवावें, मुलाला नुसतें कोरडें पुसून आईजवळ द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ही समज शास्त्राच्या हातीं सुखासुखी आलेली नाहीं. तिच्यासाठीं शंभर वर्षांचा वळसा पडला, आणि त्या वळशांत हजारों आयांना आपल्या मुलाचें तोंड कांचेआडूनच पाहावें लागलें.

वळशाचा आरंभ पॅरिसमध्यें झाला. इ. स. १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियानें फ्रान्सचा पराभव केला. आपली लोकसंख्या वाढत नाहीं ही चिंता तेथील कारभाऱ्यांना तेव्हांपासून अधिकच जाचूं लागली, आणि एरवीं ज्यांची आशा सोडून देत अशा अशक्त अर्भकांकडे लक्ष वळलें. गरम पाण्याच्या दुहेरी टबांत अशीं मुलें ठेवण्याचा प्रयोग जर्मनींत लायप्झिग येथें क्रेडे यांनीं पूर्वींच केला होता. पण त्याचा बोलबाला झाला नव्हता. पॅरिसच्या मातेर्निते या सूतिकागृहाचे प्रमुख डॉ. स्तेफान तार्निये हे १८७८ सालीं तेथील प्राण्यांच्या बागेंत गेले असतां कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र त्यांच्या दृष्टीस पडलें. तें यंत्र करणारे ओदील मार्तें यांस त्यांनीं मुलांसाठीं तशीच एक पेटी करावयास सांगितलें. १८८० च्या सुमारास ती सूतिकागृहांत आली. लांकडाच्या दुहेरी भिंती, त्यांच्यामध्यें भुसा, तळाशीं गरम पाण्याचें भांडें आणि वर कांच. पुढें तार्निये यांच्या हाताखालील ओव्हार यांनीं आंकडे प्रसिद्ध केले ते असे कीं, दोन हजार ग्रॅमपेक्षां कमी वजनाच्या मुलांत पूर्वीं शेंकडा ६६ दगावत, तीं पेटी आल्यावर शेंकडा ३८ दगावूं लागलीं. कोंबडीच्या पिलांच्या यंत्रानें माणसाचीं एवढीं मुलें वांचावीं ही गोष्ट सामान्य नव्हे.

तार्निये यांचे शिष्य पिएर ब्युदें यांनीं या कामाला खरी शिस्त लावली. ते मुलांचें वजन रोज करीत, उष्णतामान टिपून ठेवीत. ज्यांचें अंग बत्तीस अंशांपर्यंत उतरलेलें असतांना इस्पितळांत येई, त्यांतील अगदीं थोडीं जगत, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. परंतु त्यांचें याहून मोठें निरीक्षण आईसंबंधीं होतें. मूल पेटींत आणि आई दूर, असें आठवडेच्या आठवडे चाललें कीं तिचें दूध आटतें, आणि पुढें पुढें ती मुलाकडे फिरकेनाशी होते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून आईनें जवळ राहावें, स्वतः पाजावें, असा त्यांचा आग्रह असे. दुर्दैवानें ब्युदें यांची पेटी जगभर गेली आणि त्यांचा आग्रह मात्र फ्रान्समध्येंच राहिला.

पेटी जगभर गेली ती मोठ्या विचित्र मार्गानें. नीस येथील आलेक्सांद्र लियों यांनीं आपोआप उष्णता राखणारी धातूची पेटी काढली. ती महाग, म्हणून मुलें पाहावयास येणाऱ्यांकडून पैसे घेऊन ते खर्च भागवूं लागले. १८९६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जिवंत अर्भकांसह अशा पेट्या मांडण्यांत आल्या. मार्टिन कूनी नांवाच्या गृहस्थानें हा खेळ अमेरिकेंत नेला, आणि १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणीं, पाळणे आणि तमाशे यांच्या शेजारीं, अपुऱ्या दिवसांचीं मुलें कांचेआड ठेवून पंचवीस सेंटांस दाखविलीं. हा मनुष्य खरोखर डॉक्टर होता कीं नाहीं याविषयीं इतिहासकारांना शंका आहे. हें सर्व ऐकतांना अंगावर कांटा येतो. पण आईबापांकडून त्यानें कधीं पैसा घेतला नाहीं, दायांची निगा उत्तम ठेविली, आणि ज्या मुलांना इस्पितळें दारांतूनच परत पाठवीत अशीं हजारों मुलें त्यानें जगविलीं. दोष कोणाचा अधिक, तमासगिराचा कीं इस्पितळांचा, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

पुढें इस्पितळांना जाग आली, आणि पेटी जत्रेंतून इस्पितळांत गेली. पण येतांना तिनें कांचेची भिंतहि बरोबर आणली. जंतूंच्या भीतीनें आईबापांना विभागांत मज्जाव झाला. ती भीति अगदींच खोटी नव्हती. त्या वेळीं जंतुनाशक औषधें थोडीं होतीं. परंतु यंत्रावरील विश्वास अमर्याद वाढला कीं काय होतें तें चाळिशीच्या दशकांत दिसलें. बंद पेटींत प्राणवायु सढळ हातानें सोडण्याची रीति पडली, आणि जगलेलीं मुलें आंधळीं होऊं लागलीं. बॉस्टनच्या टेरी यांनीं १९४२ सालीं हा नेत्ररोग वर्णिला. प्राणवायूवर बोट ठेविलें तें १९५१ मध्यें मेलबोर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनीं. तोंवर सुमारें दहा हजार मुलांची दृष्टि गेली होती. उलट ऊबेसारखी साधी गोष्ट मागें पडली होती. पेटींतील उष्णतामान थोडें वाढवितांच शेंकडा पंधरा अधिक मुलें जगतात, हें न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन यांनीं १९५८ सालीं पुन्हां सिद्ध करावें लागलें!

वळसा संपला तो एका गरीब इस्पितळांत. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या बोगोता शहरीं सूतिकागृहांत पेट्या इतक्या अपुऱ्या कीं एकेकींत दोन-दोन, तीन-तीन मुलें निजवीत. एकाचा रोग दुसऱ्यास लागे, आणि कित्येक आया मूल तेथेंच टाकून जात. ब्युदें यांनीं पाहिलेलेंच येथें पुन्हां घडत होतें. १९७८ सालीं डॉ. एद्गार रे यांनीं, आणि पुढल्या वर्षापासून त्यांचे सहकारी डॉ. एक्तोर मार्तीनेस यांनीं, मुलाला पेटींतून काढून आईच्या उघड्या उरावर, दोन्ही स्तनांच्या मध्यें उभें बांधावयास आरंभ केला. मुलाच्या अंगांत फक्त लंगोट व टोपडें, वरून आईचें वस्त्र. कांगारूचें पिलूं आईच्या पिशवींत वाढतें, म्हणून या रीतीला कांगारूचें नांव पडलें. आईच्या छातीची कातडी मुलाच्या गरजेप्रमाणें कमीअधिक तापते असें आढळून आलें आहे. मूल वाटेल तेव्हां पितें, आणि जवळ असल्यानें त्याचा श्वास अडला तर तें तत्काळ कळतें. आरंभीं बोगोताच्या डॉक्टरांनीं यशाचे जे दावे केले ते तपासणींत सगळेच टिकले नाहींत, आणि श्रीमंत देशांनीं याला गरिबांचा उपाय म्हणून बाजूस सारलें. पण पुढें नीट तुलना करून प्रयोग झाले, तेव्हां कमी वजनाच्या मुलांचे मृत्यु या रीतीनें कमी होतात हें निर्विवाद ठरलें.

महाराष्ट्रांत याच सुमारास दोन निराळ्या दिशांनीं काम झालें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आईच्या दुधाची पेढी काढली. आशियांतील ती पहिली. गडचिरोली जिल्ह्यांत, जेथें इस्पितळच दूर तेथें पेटी कोठून असणार, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना तयार केलें. त्या घरोघर जाऊन मुलाचें वजन करीत, उष्णतामान पाहात, त्याला गुंडाळावयास व पाजावयास शिकवीत, श्वास अडलेल्या मुलाला हवा देत, आणि जंतुदोष झाल्यास औषध टोंचीत. ३९ गांवांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दर हजारीं ६२ मुलें दगावत; १९९७-९८ सालीं हें प्रमाण २५.५ वर आलें. १९९९ मध्यें हें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापून आलें, आणि २०११ पासून सबंध देशांत आशा कार्यकर्त्या नवजात बालकाच्या घरीं ठराविक दिवशीं फेऱ्या घालूं लागल्या. पाय थंड आणि पोट गरम लागलें तर मुलाला अधिक उबेची गरज आहे. दोन्हीं थंड लागलीं तर धोका आहे. एवढी परीक्षा तर कोणत्याहि घरीं, हाताच्या पाठीनें, करतां येते.

तरीहि एक प्रश्न उरला होता. अगदीं नाजूक मूल आधीं पेटींत स्थिर होऊं द्यावें आणि मग आईजवळ द्यावें, अशी इस्पितळांची रीति. मृत्यु तर बहुतेक पहिल्या दिवसांतच होतात. म्हणून भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पांच देशांत ३२११ मुलांवर प्रयोग झाला. भारतांतील केंद्र दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय. निम्म्या मुलांना जन्मानंतर लगेच उराशीं धरलें, निम्म्यांना जुन्या रीतीनें ठेविलें. दुसऱ्या गटांत शेंकडा १५.७ मुलें दगावलीं, पहिल्यांत १२. फरक इतका स्पष्ट कीं प्रयोग मुदतीपूर्वीं थांबवावा लागला. निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपली शिफारस बदलली. त्यासाठीं या इस्पितळांना अतिदक्षता विभागाचा नकाशाच बदलावा लागला. जेथें पूर्वीं आईला दारांतून आंत पाऊल टाकतां येत नसे, तेथें तिची खाट मुलाच्या यंत्राशेजारीं आली. तिचें जेवण, तिचें औषधपाणी, तिची तपासणी सारें तेथेंच. आई शस्त्रक्रियेंतून उठली नसेल तर तोंवर तिनें निवडलेली मावशी, आजी किंवा दुसरी कोणी जवळची बाई त्या मुलाला आपल्या उराशीं बांधून बसत असे.