घाट उतरताना लागलेला सडा

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. खर्च किती आला, आणि किती किलो उतरले? मधल्या एका गोष्टीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. उतरता उतरता काटा एका आकड्यावर येऊन बसतो आणि आठवडेच्या आठवडे हलायचं नाव घेत नाही. डॉक्टर मंडळी त्याला ‘प्लॅटो’ म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातला शब्द पठार, पण आम्हां रत्नागिरीकरांच्या तोंडी सडा. आंबा घाट उतरला की समुद्र आलाच, असं बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं. मध्ये जांभ्या दगडाचे लांबलचक सडे आहेत हे त्यांना कुठे ठाऊक असतं!

माझ्या भाचीवर दोन वर्षांपूर्वी अशी शस्त्रक्रिया झाली. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात, ती. ११२ किलोंवरून चार महिन्यांत ती ८८ वर आली आणि तिथेच थांबली. एक नाही, दोन नाही, सात आठवडे. नातेवाइकांची कुजबुज सुरू झाली. “एवढे पैसे घातले, आता चोरून खाते की काय?” खरं म्हणजे ती चोरून उपाशी राहत होती. तीन वेळचं खाणं तिने एका वेळेवर आणलं होतं. केस मूठमूठ गळायला लागले, एकदा जिन्यात चक्कर आली. मला म्हणाली, “मावशी, माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. खोट कोणाची हे ठरवण्याआधी मागची पानं चाळायची, ही जुनी सवय. ती चाळताना सापडलं ते इथे लिहिते आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात लाखो माणसं उपाशी होती. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा माणसात कसं आणायचं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण आपणहून त्यात आले. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांचा मुक्काम. चोवीस आठवडे त्यांना जेमतेम अर्धपोटी ठेवलं, आणि आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं. प्रत्येकाचं सुमारे पाव वजन उतरलं.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच नोंदीने. नुसतं पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाली होती. शरीर लहान झालं म्हणजे त्याची गरज थोडी घटणारच, पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही. शरीराने आपण होऊन काटकसर सुरू केली होती. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. चांगले शिकलेले तरुण तासन् तास पाककृतींची पुस्तकं चाळत बसू लागले! (भाची रात्री फोनवर बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसते, हे तिच्या आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं तेव्हा मला ते तरुण आठवले.) या प्रयोगाचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला.

हे वाचताना मला आमची आई आठवत राहिली. पावसाळ्यापूर्वी आगोट भरायची, म्हणजे तांदूळ, डाळी, सुकट, सुके बोंबील, मीठ, मिरची, सगळं घरात घेऊन ठेवायचं. पावसात होड्या किनाऱ्यावर, मुंबईची मनीऑर्डर आली तर आली. श्रावण सरत आला की तांदळाचा डबा बघून आई कोणाला काही न सांगता पेज पातळ करायची. भांडं तेवढंच, वाढणं तेवढंच, पाणी मात्र जास्त. डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, हा एकच हट्ट. आपलं शरीर नेमकं हेच करतं. घरातला साठा झपाट्याने कमी होतोय हे दिसलं की ते पेज पातळ करतं. त्याला शस्त्रक्रिया कळत नाही. त्याला दुष्काळ तेवढा कळतो.

आणि दुष्काळ आपल्याला नवे का आहेत? दुर्गादेवीचा, १६३० चा, १८७६ ते ७८ चा, १९७२ चा. वर्गात मी सन आणि कारणं फळ्यावर लिहून मोकळी होत असे. या सगळ्यांतून तगले त्यांचीच आपण लेकरं.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे सांगायलाच हवं. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलो. मात्र आपल्या किडकिडीत बाळांच्या अंगात मांस कमी असलं तरी चरबी त्या मानाने राखलेली! २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटोच ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे काटा सगळं सांगत नाही. माझ्या मते हा फोटो वजनकाट्याच्या प्रत्येक दुकानात लावायला हवा.

आता शस्त्रक्रियेकडे. गंमत अशी, की लठ्ठपणासाठी आतड्याचा मार्ग आखूड करण्याचं पहिलं प्रसिद्ध काम १९५४ मध्ये त्याच मिनेसोटा विद्यापीठातून आलं. पुढे आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरमुळे जठराचा भाग काढलेल्या बायका बारीकच राहतात. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी जठराला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया केली. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. ते जास्त करून जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि भाचीच्या शस्त्रक्रियेत तोच भाग जातो. म्हणून तिला पहिले महिने भूक लागलीच नाही.

मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना हा विषय बहुधा २०११ मध्ये कळला, नितीन गडकरी यांनी मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. मग २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली. तिचं वजन तर क्रिकेटच्या धावफलकासारखं छापून येत होतं. शेवटी किती किलो उतरले यावरूनच डॉक्टर आणि तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. ती बिचारी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत वारली. तिच्या हालांपेक्षा तिचा आकडाच लोकांना पाठ होता.

या शस्त्रक्रियांनंतर पुढे काय होतं, हे स्वीडनमध्ये १९८७ पासून तपासलं गेलं. जठराला वळसा घातलेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं, मग थोडं चढलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावलं. शस्त्रक्रिया न केलेल्यांचं जवळपास होतं तिथेच राहिलं. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचं प्रमाणही कमी निघालं. म्हणजे सडा सगळ्यांनाच लागला. हल्लीच्या इंजेक्शनांनीसुद्धा वजन वर्षभर उतरतं आणि मग थांबतंच.

अगदी सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, एक छोटा थांबा येतो. त्याचं कारण निराळं. पहिल्या दिवसांत शरीरातली साठवणीची साखर आणि तिने धरलेलं पाणी निघून जातं, काटा धाडधाड उतरतो, आणि ते पाणी परत भरू लागलं की थबकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

भाचीला मी हे सगळं दोन दुपारी बसून सांगितलं. मग तिला घेऊन आहारतज्ज्ञाकडे गेले. बाई शांत होत्या. एक वेळचं जेवण बंद करा म्हणाल्या, उपाशी राहिलात तर चरबीबरोबर मांसही झडेल, आणि मांस झडलं की शरीराचा खर्च आणखी घटेल. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, ताटातला पहिला घास त्यांचाच, जेवताना पाणी नाही, आणि नुसतं चालणं पुरे नाही, स्नायूंवर जोर पडेल असा व्यायाम हवा. मिरकरवाड्यात राहून प्रथिनांची चिंता कसली! सकाळी बंदरावर बोटी लागल्या की मी बांगडे आणते. ती तिखलं करते, कमी तेलात. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत अंडी आणि मोड आलेले मूग.

वजन लगेच हललं असं नाही. आठव्या आठवड्यातही ८८ च होतं. पण टेपने मोजलं तर कंबर दोन इंच कमी भरली. ब्लाउज आत घ्यायला दिले तेव्हा ते तिला पटलं. काटा आता माळ्यावर असतो, पहिल्या तारखेला खाली येतो. सध्या ती ८१ वर आहे. डॉक्टरांनी ७५ म्हटलं होतं, तिथवर जाईल की नाही सांगता येत नाही, आणि ती हल्ली विचारतही नाही. चक्कर थांबली, केस अजून विरळच आहेत. पुढच्या महिन्यात रक्ततपासणी आहे. मागच्या वेळी लोह आणि बी-१२ कमी आलं होतं, ते भरलं का ते पाहायचं आहे.