अडीच तास आधी

पॅरिस, १७ जानेवारी १७८६. पिएर मेशॅं यांच्या दुर्बिणीत तुम्ही डोकावता. ताऱ्यांच्या टोकदार ठिपक्यांमध्ये एक ठिपका जरा पसरट आहे. त्याला कडा नाही, नाव घेण्याजोगं शेपूटही नाही. मेशॅं त्याची जागा नोंदवतात. १९ तारखेला तो पुन्हा सापडतो आणि त्यानंतर हरवतो. धूमकेतूची कक्षा काढायला किमान तीन वेध लागतात. इथे दोनच आहेत. तिसरा नसेल, तर हा धूमकेतू कुठून आला आणि कुठे चालला, हे जगातला कुठलाही गणिती सांगू शकणार नाही.

तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, पण या काळप्रवासाची अट अशी की पुढचं काही मागच्यांना सांगायचं नाही. बघायचं, हिशेब करायचा आणि पुढच्या मुक्कामी निघायचं.

नोव्हेंबर १७९५ मध्ये तो इंग्लंडमधल्या स्लाऊला कॅरोलाइन हर्शेल यांना दिसतो. १८०५ च्या ऑक्टोबरात तो एकाच वेळी अनेकांना दिसतो. दर वेळी वहीत नोंद होते ती ‘नवा धूमकेतू’ अशी. १७८६ ते १८१९ या ३३ वर्षांत तो सूर्याभोवती दहा फेऱ्या मारतो. त्यातल्या सात वेळा तो येऊन जातो, तरी कुणाला पत्ता लागत नाही.

आता मार्सेय, २६ नोव्हेंबर १८१८. वेधशाळा जुन्या शहरातल्या चढावर आहे. ज्यां-लुई पॉन्स १७८९ साली इथे द्वारपाल म्हणून लागले. शिक्षण बेताचं, पण नजर अशी की आयुष्यभरात त्यांच्या नावावर ३७ धूमकेतू जमा होतील. आज ते महाश्व तारकासमूहाच्या दिशेला दुर्बीण सावकाश सरकवत आहेत. ओळखीच्या ताऱ्यांत एक परका धूसर ठिपका येतो आणि त्यांचा हात थांबतो. तेरा वर्षांपूर्वी हाच धूमकेतू पाहणाऱ्यांत तेही होते. तुम्ही ओठ मिटून उभे राहता.

ठिपका दिसला म्हणजे काम संपलं असं नाही. त्याची जागा मोजायची आहे. दुर्बीण घट्ट स्थिर ठेवा आणि आकाश आपोआप सरकू द्या. आधी ओळखीचा तारा दृष्टिक्षेत्रातून जातो, मागून धूमकेतू. मध्ये घड्याळाचे किती ठोके पडले, त्यावरून विषुवांशातला, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानातला फरक मिळतो, आणि वर-खाली किती अंतर आहे त्यावरून क्रांतीतला, म्हणजे उत्तर-दक्षिण स्थानातला. अडचण अशी की तारा टोकदार असतो आणि धूमकेतू पसरट. त्याचा मध्य कुठे धरायचा? प्रत्येकाचा डोळा थोडं वेगळं सांगतो. अशा अनेक रात्रींचे आकडे जानेवारीपर्यंत जमतात आणि जर्मनीला पोचतात.

१८१९. गोथा शहराजवळची सीबर्ग टेकडी. सत्तावीस वर्षांचे योहान फ्रांझ एन्के टेबलाशी बसले आहेत. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत त्यांनी तोफखान्यात चाकरी केली आणि गणित ते थोर गणिती गाउस यांच्याकडे शिकले. समोर लॉगॅरिथमची कोष्टकं आहेत. रिवाजाप्रमाणे ते आधी परवलय बसवून पाहतात, म्हणजे एकदा येऊन कायमचा निघून जाणाऱ्या धूमकेतूचा मार्ग. परवलय बसत नाही, आणि वेधांची चूक म्हणून सोडून द्यावा इतका फरक लहानही नाही. मग लंबवर्तुळ. गाउसच्या पद्धतीने सगळे वेध एकत्र तोलत आकडा आकडा पुढे सरकतो. सहा आठवड्यांनी उत्तर येतं: जेमतेम ३.३ वर्षांची फेरी. त्या काळी परत येतो हे सिद्ध झालेला धूमकेतू एकच होता, ७६ वर्षांनी येणारा हॅली. त्याच्यापुढे हे उत्तर अविश्वसनीय वाटतं.

एन्के घड्याळ उलटं फिरवतात. गुरूच्या ओढीने कक्षा किती सरकते ते फेरीमागून फेरी मोजत मागे जातात. १८०५ जुळतं, १७९५ जुळतं, मेशॅं यांच्या त्या अपुऱ्या दोन रात्रीही जुळतात. चार धूमकेतूंचा एक धूमकेतू होतो. मग ते पुढचं भाकीत मांडतात: २४ मे १८२२ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, आणि त्यानंतर दिसेल तो दक्षिण गोलार्धातून.

२ जून १८२२. सिडनीजवळचं पॅरामाटा. हिवाळा सुरू झाला आहे. गव्हर्नर थॉमस ब्रिस्बेन यांची वेधशाळा नवी कोरी आहे. रुम्कर आणि डनलॉप हे दोघे तिथे काम करतात. सूर्यास्तानंतर पश्चिमेचा उजेड विरला की दुर्बीण एन्केंनी सांगितलेल्या जागी वळते आणि तिथे तो धूसर ठिपका असतो. बातमी युरोपात पोचायला जहाजाने कित्येक महिने लागणार. पुढे या धूमकेतूला एन्केंचंच नाव पडेल; ते मात्र त्याला शेवटपर्यंत ‘पॉन्सचा धूमकेतू’च म्हणत राहतील.

खरी गोष्ट इथून सुरू होते. एन्के आकडे पुन्हा तपासतात. गुरूचा आणि बाकीच्या ग्रहांचा सगळा हिशेब करूनही दर फेरीला साधारण अडीच तास उरतात. धूमकेतू तेवढा आधी येतो. तीन वर्षांच्या वाटेत अडीच तास! दुसऱ्या कुणी ते वेधांच्या चुकांच्या खात्यात टाकून वही मिटली असती. एन्के मिटत नाहीत. अवकाशात विरळ माध्यम असावं, त्याच्या घर्षणाने कक्षा आक्रसत असावी, असं ते मानतात. १८६५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांचं मत हेच राहतं.

१८३६ मध्ये तुम्ही क्योनिग्सबर्गला खगोलज्ञ बेसेल यांच्याकडे थांबता. आदल्या वर्षी त्यांनी हॅलीच्या धूमकेतूच्या डोक्यातून सूर्याकडे उसळणारे झोत पाहिले आहेत. झोत एका बाजूने निघत असेल, तर धूमकेतूला उलट बाजूने धक्का बसणारच, असं ते म्हणतात. फार थोडे ऐकतात.

तिथून थेट १९५०, हार्वर्ड. फ्रेड व्हिपल यांच्या निबंधाच्या शीर्षकातच एन्के धूमकेतूचं त्वरण आहे. त्यांच्या मते धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेल्या बर्फाचा फिरता गोळा. वैशाखात भर बारापेक्षा दुपारी दोनला चटका जास्त बसतो, तशी या गोळ्याचीही दुपार कललेली बाजू जास्त तापते आणि तिथून वाफ जोरात सुटते. गोळा प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरत असेल, तर वाफ मागच्या बाजूने निघून त्याला पुढे ढकलते; कक्षा मोठी होते आणि तो उशिरा येतो. गिरकी उलटी असेल, तर त्याला लगाम बसतो, कक्षा लहान होते आणि तो लवकर येतो. हॅली दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो. घर्षणाने कुणाला उशीर होत नाही, त्यामुळे माध्यमाची कल्पना गळून पडते.

आता घरी परत या. २०२७ चा फेब्रुवारी जवळ येईल, तेव्हा हा धूमकेतू पुन्हा सूर्याच्या जवळ असेल. त्या खेपेला जागेबरोबर त्याचा उजेडही मोजा. शेजारचा ओळखीचा तारा फोकसबाहेर नेऊन धूमकेतूइतका पसरवायचा आणि मग दोघांच्या उजेडाची तुलना करायची. पृथ्वीपासूनचं अंतर दुप्पट झालं, तर उजेड चौथाई उरतो. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं, तर तो याहून खूप जास्त घटतो, कारण वाफही कमी होते. म्हणूनच या उजेडावरून गाभा किती वाफ सोडतोय, याचा अंदाज येतो.

ही वाफ कायम सारखी नसते. विसाव्या शतकात त्या अडीच तासांचा फरक बराच कमी झाला. म्हणून कक्षेच्या सूत्रात धक्क्याचं पद असूनही त्याचा आकडा जुन्या पुस्तकातून उचलता येत नाही. दर परतीला नवे वेध घालून तो नव्याने काढावा लागतो. तुमच्या अंगणातल्या दुर्बिणीतून घेतलेला नीट वेधही त्या हिशेबात बसू शकतो. मोजलेली जागा भाकितापेक्षा थोडी वेगळी आली, तर ती जुळवून घेऊ नका. आली तशी लिहा.